मास्कवरचे धुके आणि डोळ्यांची काळजी

मुलुंडच्या प्रियदर्शिनी क्रीडासंकुलातील तलावात चार फेऱ्या झाल्या की पोहण्याच्या गॉगलच्या काचा धूसर होतात. पोहणारा काठाशी थांबतो, बोटाने काच पुसतो आणि पुन्हा निघतो. पण सुटीत तारकर्लीला स्कूबासाठी गेल्यावर समुद्रात काही मीटर खाली मास्क असाच धूसर झाला, तर नवखा माणूस घाबरतो आणि श्वास रोखून घाईने वर येऊ पाहतो. खरा धोका तिथे आहे. टाकीतली हवा घेणाऱ्याने असे केल्यास, दीड-दोन मीटरवरूनही, फुप्फुसातली हवा प्रसरण पावून त्याला इजा होऊ शकते.

मास्कमधली हवा उबदार आणि दमट असते, काचेपलीकडचे पाणी गार. बाष्प काचेवर बारीक थेंबांच्या रूपात जमते आणि ते थेंब प्रकाश विखुरतात. बाष्प थांबवता येत नाही. थेंब होऊ न देणे मात्र जमते. साबणासारख्या पदार्थाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, पाणी सपाट पसरते आणि आरपार दिसते. पाणबुड्यांची काचेला थुंकी चोळण्याची युक्ती याच तत्त्वावर चालते. पण भाड्याच्या, दहाजणांनी वापरलेल्या मास्कला ती नकोच.

कोरड्या काचेच्या आतून बेबी शॅम्पूचा एक थेंब पसरावा, मास्क पाण्यात हलकेच खळबळवावा आणि नंतर काचेला बोट लावू नये. भांड्यांचा साबण वापरू नये. २००१ साली अंतराळात चालताना ख्रिस हॅडफिल्ड यांच्या डोळ्यात शिरस्त्राणाच्या काचेवरचे धुकेरोधक द्रावण गेले. तिथे अश्रू ओघळत नाहीत. ते दुसऱ्या डोळ्यापर्यंत पसरले आणि काही काळ त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसेना. समुद्रात निदान अश्रू तरी वाहतात!

नाकाने श्वास सोडत राहिल्यासही काच धूसर होते. पाण्याखाली तसे झालेच, तर प्रशिक्षकाने शिकवल्याप्रमाणे थोडे पाणी आत घेऊन काच धुवावी. मग मास्कची वरची कड दाबून, मान किंचित वर करून नाकाने हवा सोडावी. पाणी बाहेर जाते. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक झाकलेले नसते, त्यामुळे आतला दाब वाढवता येत नाही. तो घालून खोल गेल्यास डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरणे टाळावे. पाण्यातला अकँथअमिबा लेन्सखाली अडकला, तर बुबुळावर जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. नंबर असल्यास नंबराच्या काचेचा मास्क मिळतो. घरी परतल्यावर डोळा लाल राहिला, दुखला किंवा उजेड सहन होईना, तर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे आणि पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगावे.