नांवाच्या शेवटचे आंकडे

फ्रान्सच्या इतिहासांत लुई चौदावा आणि लुई सोळावा हे दोन अगदीं निराळे राजे होऊन गेले. एकानें व्हर्सायचा राजवाडा वाढविला, दुसऱ्याचा १७९३ सालीं शिरच्छेद झाला. नांवापुढचा आंकडा गाळला तर दोघांचा मिळून एकच लुई उरतो. संगणकावर याद्या ठेवणाऱ्यांपुढें असा प्रसंग हरघडी येतो. मात्र तेथें आंकडा गाळणें पुष्कळदां आवश्यकच असतें.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं संख्याशास्त्रासाठीं रचलेली 'आर' ही संगणकभाषा घ्यावी. समजा, तिच्यांत प्रत्येक वस्तीच्या नांवाखालीं पावसाच्या मापांचा एकेक गट आहे. हे गट उलगडून एकच सरळ ओळ करावयास सांगितली कीं, 'दादर' या नांवाचीं तीन मापें 'दादर१', 'दादर२', 'दादर३' अशीं मांडलीं जातात. एकाच नांवाचे तीन इसम रांगेंत नकोत म्हणून केलेली ही सोय! पुढें बेरीज करतांना मूळ नांव परत हवें असतें, आणि शेपटी कापण्याची वेळ येते.

कापण्याची आज्ञा चिमुकली आहे. चौकटी कंसांत शून्य ते नऊ, त्यापुढें अधिकचिन्ह, शेवटीं डॉलरचें चिन्ह. कंस म्हणजे 'यांपैकीं कोणताहि अंक', अधिकचिन्ह म्हणजे 'एक किंवा अधिक वेळां', आणि डॉलर म्हणजे 'येथें शब्द संपला पाहिजे'. या संकेतलिपीचें मूळ अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांच्या १९५१ सालच्या लेखांत आहे. केन टॉम्प्सन यांनीं १९६८ सालीं ती मजकूर शोधण्याच्या कामीं लाविली. डॉलर विसरला तर 'एच१एन१' या विषाणूच्या नांवांतील पहिलाच आंकडा उडून 'एचएन१' उरतें.

पण नांवेंच 'प्रभाग१' व 'प्रभाग१२' अशीं असलीं तर? 'प्रभाग१२' चें पहिलें माप 'प्रभाग१२१' होतें, आणि 'प्रभाग१' चें एकविसावें मापहि 'प्रभाग१२१' च होतें. आज्ञा दोहोंचे सारे अंक कापून नुसतें 'प्रभाग' हातीं देते. एकच अंक कापावा, तर पहिलें सुटतें आणि दुसरें चुकतें. त्यांतून, ज्या गटांत एकच माप असतें त्याला यंत्र अंक जोडीतच नाहीं; तेथें कापला जातो तो त्याचा जन्मजात अंक. कोणता अंक मूळचा व कोणता मागाहून चिकटविलेला, याची खूण अक्षरांत उरलेलीच नसते, मग आज्ञा कितीहि चतुर असो. म्हणून गट उलगडण्यापूर्वींच प्रत्येक नांव त्याच्या मापांइतक्या वेळां लिहून वेगळ्या रकान्यांत ठेवावें, हें बरें. कापावयास कांहीं उरतच नाहीं.

वैद्यकांत ही चूक फार जड जाते. स्तनाच्या कर्करोगाशीं संबंध असलेलीं 'बीआरसीए१' व 'बीआरसीए२' हीं जनुकें अनुक्रमें १७ व्या व १३ व्या गुणसूत्रांवर असतात. अंक गेला कीं निरनिराळ्या रुग्णांचे अहवाल एकाच नांवाखालीं मिसळतात.

मराठी याद्यांत आणखी एक अडचण आहे. यंत्र स्वतः जोडतें ते इंग्रजी अंक, आणि वरील कंसांतहि तेच असतात. 'वाडा ७' मधील देवनागरी सात त्या आज्ञेला अंक वाटतच नाहीं. 'पायथन' भाषेंत 'कोणताहि अंक' या अर्थाची निराळी खूण आहे, ती दोन्ही लिपींतील अंक काढते. सात निघाला तरी त्याच्या आधींची मोकळी जागा मागें राहते, आणि डोळ्यांना सारखाच दिसणारा 'वाडा' यंत्राच्या हिशेबीं दोन ठिकाणीं नोंदला जातो.