उपवासाचा घास कोणाच्या मुखी?

माघ वद्य चतुर्दशीस ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी श्रीकौपिनेश्वराच्या दर्शनाला भाविकांची रीघ लागते. बिल्वदलांचा सुगंध, अभिषेकाची धार, ललाटावर भस्माचे पट्टे आणि पोटी निराहार, असे ते महाशिवरात्रीचे मंगल दृश्य असते. त्याच तलावापासून जवळ, पोर्तुगीज काळाशी नाते सांगणारे संत योहान बाप्टिस्टाचे ख्रिस्तमंदिर उभे आहे. महाशिवरात्रीच्या आगेमागे तेथेही एका बुधवारी भाविक रांग धरतात, तेथेही धर्मगुरू कपाळी राख लावतात आणि तेथेही त्या दिवशी उपवास असतो. यंदा, २०२६ साली, महाशिवरात्र १५ फेब्रुवारीस आली आणि त्यांचा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीस. एकाच तलावाच्या परिसरात, एकाच सप्ताहात, दोन धर्मांची माणसे भस्म धारण करून उपाशी राहिली. शेजाऱ्याचा हा उपवास असतो तरी कसा, आणि तो कशासाठी, याची विचारपूस आपण क्वचितच करतो. आज ती करावी, असे आम्ही योजिले आहे.

ख्रिस्ती धर्म आपल्या या भागाला नवा नव्हे. सहाव्या शतकातील कॉस्मस नामक ग्रीक प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे इराणात दीक्षा घेतलेला बिशप असल्याचे लिहून ठेविले आहे. ते स्थान म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधूंना ठाण्यात देहदंड झाला. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्राने ज्यांना हृदयी धरिले, त्या नारायण वामन टिळकांचे प्राथमिक शिक्षण कल्याणातच झाले. पुढे नाशिकास संस्कृत साहित्याचे अध्ययन करून, १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. परंतु कीर्तनाची आपली परंपरा काही टाकिली नाही. ख्रिस्तचरित्र त्यांनी कीर्तनातून गाइले. एका कीर्तनकाराने दुसऱ्याविषयी आदर बाळगावा, एवढे नाते आम्हांसही पुरेसे वाटते.

आता त्या उपवासाचे स्वरूप पाहू. येशू ख्रिस्ताने आपल्या कार्यारंभी अरण्यात चाळीस दिवस निराहार राहून मोहावर विजय मिळविला, अशी शुभवर्तमानातील कथा आहे. तिचे स्मरण म्हणून ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. राखेच्या बुधवारापासून मोजू गेल्यास दिवस शेहेचाळीस भरतात. परंतु त्यांतील सहा रविवार वगळतात. रविवार हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा आनंददिन, त्या दिवशी उपवास नाही. कपाळी लावावयाची राखही कोठली कोणती नव्हे. मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती सिद्ध करितात. गतवर्षीच्या उत्सवाची यंदा राख होते, आणि ती कपाळी लावून मनुष्याला त्याच्या मृण्मय देहाची आठवण दिली जाते. स्मशानवासी शंकराच्या भक्तांना हा अर्थ उकलून सांगण्याची आवश्यकता नाही.

कॅथोलिक पंथात पूर्वी नियम कडक होते. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी ते सौम्य केले आणि १९८३ च्या धर्मसंहितेत त्यांची निश्चिती झाली. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोन दिवस उपवासाचे. त्या दिवशी एकच पूर्ण भोजन करावे, आणि लागलेच तर दोन वेळा किंचित खावे, मात्र ती दोन मिळूनही पूर्ण भोजन होता कामा नये. आपल्या धर्मशास्त्रातील ‘एकभुक्त’ व्रताचीच ही जवळची बहीण म्हणावी. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळीस मुभा. उपवासाचे बंधन वयाच्या अठरा वर्षांनंतर लागते आणि एकोणसाठ पूर्ण होताच सुटते. रुग्णांस ते नाहीच. प्रॉटेस्टंट मंडळींत असा सार्वत्रिक नियम बहुधा नसतो. ज्याने त्याने प्रार्थनेच्या ओढीने उपवास करावा, अशी तेथील रीत.

कल्याण-डोंबिवलीत नोकरीनिमित्त येऊन स्थायिक झालेल्या केरळीय ख्रिस्ती कुटुंबांची रीत आणखी निराळी. त्यांच्यातील सीरो-मलबार परंपरेच्या लोकांसाठी १९८८ साली कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. त्यांचा मोठा उपवास पन्नास दिवसांचा असून तो बुधवारी नव्हे, सोमवारी सुरू होतो. उपवासाला ते ‘नोंबु’ म्हणतात. आणि राख लावण्याच्या त्या दिवसाच्या मल्याळम् नावात शब्द आहे तो चक्क ‘विभूति’! या काळात श्रद्धाळू घरांत मांसाबरोबर मासळीही बंद होते, कोणी अंडी आणि दूधही सोडितात. शुभ शुक्रवारी तांदळाची पेज आणि मूग, एवढ्यावर दिवस काढितात. ख्रिस्ताला क्रूसावर दिलेल्या कडू पेयाची आठवण म्हणून कारल्याचा रसही घेतात.

या सर्वांचे प्रयोजन काय? देहाला शिक्षा करणे हे नव्हे. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही तेथे एकाच तिवईची तीन पाउले मानिली आहेत. एक मोडले की तिवई कलंडली. उपाशी असल्याचे तोंड करून जनांत मिरवू नये, उलट मुख धुऊन, केसांस तेल लावून प्रसन्न दिसावे, उपवास एका परमेश्वरासच ठाऊक असावा, अशी ख्रिस्ताची शिकवण आहे. त्याहून प्राचीन अशा यशया संदेष्ट्याने तर, उपवास करूनही मजुरांना नाडणाऱ्यांची खरडपट्टी काढिली आहे. बंधनात पडलेल्यास सोडविणे, भुकेल्यास आपल्या भाकरीतील वाटा देणे, हाच देवाला रुचणारा उपवास, असा त्याचा आशय आहे.

हे सारे आम्ही ग्रंथांतून वाचले होते. त्याचा अर्थ मात्र कळला तो डोंबिवलीतील एका बैठकीच्या खोलीत.

२०२४ साली महाशिवरात्र ८ मार्चला, शुक्रवारी आली होती. एका सोसायटीच्या आवारात आमचे कीर्तन झाले. आख्यान व्याधाचे. श्रीधरस्वामींच्या ‘शिवलीलामृता’मुळे ते घरोघरी परिचित आहेच. स्वतः उपाशी असूनही व्याधाने दारी आलेले भक्ष्य हरिणीच्या शब्दावर सोडून दिले, येथे श्रोत्यांचे डोळे पाणावले. नंतर यजमानांच्या घरी फराळ मांडला. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्यांची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड फोडी, राजगिऱ्याचे लाडू. शेजारच्या एक निवृत्त केरळीय परिचारिका कीर्तनास आल्या होत्या. सारी इमारत त्यांना ‘सिस्टर’ म्हणते. सूनबाईंनी त्यांच्याही पुढे ताट ठेविले. त्यांनी खिचडीचा एक चमचा घेतला आणि ताट हळूच मागे सारले.

“सिस्टर, साबुदाणा चालत नाही का तुम्हांला?” घरातील नातीने विचारले.

“साबुदाणा चालतो बाळा, पोटभर चालत नाही. आज आमचाही उपास.”

मग आमच्याकडे वळून त्या नम्रपणे म्हणाल्या, “बुवा, एक विचारू का? आमच्या घरी मासळीचे वाचलेले पैसे एका डब्यात टाकतो. ईस्टरला तो डबा गरिबाकडे जातो. तुमच्या उपासाचे वाचलेले कुठे जाते?”

आम्ही उत्तर शोधीत होतो, इतक्यात यजमानीणबाई हसून म्हणाल्या, “अहो सिस्टर, आमचे वाचते कुठे! उपासाला खर्च जास्तच होतो.” सारे हसले. आम्हीही हसलो.

रात्री परतताना डोंबिवली स्थानकाच्या पुलाखाली एक कुटुंब निजले होते. त्यांतील एक लहान मूल मात्र जागे होते आणि आमच्या पिशवीकडे पाहत होते. पिशवीत यजमानांनी दिलेला राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा होता. आमचे पाऊल क्षणभर थबकले. तोच गाडी आली. आम्ही चढलो. डबा पिशवीतच राहिला.

वाचकहो, व्याधाने हरिणी सोडली, हे तासभर रसाळपणे सांगणाऱ्या आम्हांस चार लाडू सोडवले नाहीत! त्या रात्री आम्हांला रंतिदेव आठवला. भागवताच्या नवव्या स्कंधातील हे आख्यान आम्ही वर्षानुवर्षे लाविले आहे. अठ्ठेचाळीस दिवस पाण्याचा थेंबही न मिळालेल्या त्या राजापुढे अन्न आले. तो घास उचलणार तोच एक ब्राह्मण अतिथी आला, मग एक शूद्र, मग कुत्र्यांसह एक भुकेला, अन्न संपले. उरलेले पाणी ओठांशी नेतो तो एक तृषार्त चांडाळ आला, राजाने तेही त्याला दिले. सिस्टरच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याच पोथीत होते. पोथीतून ते पिशवीपर्यंत मात्र आले नव्हते.

‘उपवास’ शब्द ‘उप’ आणि ‘वस्’ यांपासून झाला. जवळ राहणे हा त्याचा धात्वर्थ. मराठी बायबलातही याच घराण्यातला ‘उपास’ शब्द आहे. देवाजवळ राहावयाचे, तर देव जेथे भुकेला आहे तेथेही थोडे राहावे लागते. गीतेने अतिभोजन आणि अतिलंघन दोन्ही नाकारिली आहेत. निराहाराने विषय दूर सरतात तरी त्यांची गोडी मागे उरते, असेही बजाविले आहे. ती गोडी आम्ही फराळाच्या ताटात जपून ठेविली. बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची आणि साबुदाण्याचा कंद ही सारी मुळात अमेरिका खंडाची पिके. युरोपीय दर्यावर्दी ती घेऊन आले, त्यापूर्वीच्या आमच्या स्मृतिकारांनी ती पाहिलीही नव्हती. तेव्हा अमुक पदार्थ चालतो की नाही, या वादात व्रताचा प्राण नाही. वृद्ध, रुग्ण आणि कष्टकरी यांनी फराळ अवश्य करावा. शास्त्राचीही त्यास अनुज्ञा आहे. परंतु धडधाकट माणसाने ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण खरी करून दाखवावी, हे व्रत नव्हे.

कोणी म्हणेल, परधर्माचे कौतुक आपल्या सणाच्या दिवशी कशास? आमचे उत्तर एवढेच की, शेजारी दिवा लावितो तेव्हा त्याच्या उजेडात आपल्या अंगणातील हरवलेली वस्तूही सापडते. अन्नदान आपलेच आहे, अतिथीस जेवू घातल्यावाचून पारणे न करणारा अंबरीष आपलाच आहे. हरवला आहे तो उपवासाचा आणि दानाचा सांधा.

त्या रात्रीपासून आम्ही एक नेम केला आहे. उपवासाच्या दिवशी दोन वेळच्या भोजनाचा शिधा सकाळीच बाजूला काढतो आणि दुसऱ्या दिवशी, पारण्यापूर्वी, तो एखाद्या भुकेल्याच्या हाती देतो. कीर्तनाच्या यजमानांसही फराळाचे दोन पदार्थ कमी करण्याची विनंती करितो. हे मोठे पुण्य नव्हे, जुने देणे आहे. त्या मुलाचा घास फेडता येणार नाही. ते पुन्हा दिसलेही नाही.

पुढील चतुर्दशीस आपण शिवपिंडीवर दूध वाहाल, तेव्हा घरातील मुलांनी ‘आज वाचलेले कुठे जाणार?’ असे विचारावे आणि आपल्यापाशी त्याचे उत्तर असावे, हेच त्या भोळ्या शंकराच्या चरणी मागणे.