लाकूडवाहू वाघिणीचा जोड

जबलपूर हे जोडाचं शहर. मुंबईहून आलेली जीआयपी रेल्वे आणि कलकत्त्याहून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे यांची गाठ मार्च १८७० मध्ये इथेच पडली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल नागपूर रेल्वेची छोटी लाईनही गोंदियाहून नैनपूरमार्गे इथे पोचली. साल-सागाच्या आणि बांबूच्या मुलखातून जाणारी ही ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज २०१५ पर्यंत रुंदीकरणासाठी बंद झाली. त्या काळची इंजिनं नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात उभी आहेत. ती लाईन चालती बघायची, तर आता मॉडेलच करावं लागतं.

मॉडेल म्हटलं की मराठी माणसाला पुण्यातलं भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आठवतं. तिथलं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. या प्रमाणात ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ होतात. त्यामुळे एन प्रमाणाचा ९ मिलिमीटरचा तयार रूळ छोट्या लाईनला जवळपास नेमका लागू पडतो. एचओची स्टँडर्ड गेज मात्र साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर धावते.

बघणाऱ्याचं लक्ष इंजिनाकडे जातं, पण गाडीची खरी परीक्षा डबे जोडणाऱ्या कपलरवर होते आणि लाकूडवाहू वाघीण ही परीक्षा सगळ्यांत कठोरपणे घेते. तिचा टोकाचा नमुना म्हणजे अमेरिकेच्या जंगलांतली सांगाडा-वाघीण: मधोमध एक तुळई, खाली दोन बोग्या आणि वर ओंडके टेकवायला आडवे आधार. फळ्या नाहीत, भिंती नाहीत. कपलरची पेटी थेट तुळईच्या टोकाशी बसते, त्यामुळे चूक लपवायला जागाच उरत नाही. ऑरेगनमधल्या कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांच्या केडी कंपनीने कपलरसोबत अशा वाघिणींची मॉडेलंही काढली, आणि त्यांचा कपलर अमेरिकेतल्या एचओच्या जगात जवळपास प्रमाण मानला गेला.

कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी चाकांमधलं अंतर तपासायचं, बोग्या मोकळ्या फिरतात ना ते बघायचं आणि मगच कपलरची उंची मोजायची. एचओच्या स्टँडर्ड गेजमध्ये रुळाच्या माथ्यापासून कपलरचा मध्य २५/६४ इंचांवर, म्हणजे सुमारे ९.९ मिलिमीटरवर हवा. त्यासाठी रुळावर मापाचा ठोकळा ठेवून वाघीण त्याला भिडवतात. कपलर खाली आला, तर बोगी आणि तुळई यांच्यामध्ये पाव मिलिमीटरचा पातळ वॉशर घालायचा. वर गेला, तर खालच्या अंगाला झुकलेल्या दांड्याचा कपलर लावायचा किंवा बोगीच्या टेकूवरून हलकी कानस फिरवायची. कानस शेवटी, कारण घासलेलं परत येत नाही. छोट्या लाईनच्या मॉडेलसाठी कपलरही लहान आणि उंचीही वेगळी. ती आपली आपण ठरवायची, पण एकदा ठरवली की प्रत्येक वाघिणीला तीच.

मग पेटी. कपलर बोटाने डावी-उजवीकडे ढकलून सोडला, की स्प्रिंगने आपोआप मध्यावर यायला हवा. आला नाही, तर प्लास्टिकची कड अडते आहे. ती साफ करून ग्राफाइटची पूड घालायची. तेल टाळायचं, त्यावर धूळ बसते. कपलरखाली लोंबणारी लोखंडी शेपटी रुळांमधल्या चुंबकाच्या ओढीने बाजूला सरकते आणि जोड उघडतो. ती खाली झुकलेली असेल, तर सांध्यावर अडकून वाघीण घसरते. जबलपूरच्या बडा फुहाऱ्याजवळच्या सराफ्यात सोनार वापरतात तशी बारीक कानस आणि चिमटा एवढ्या कामाला पुरतात.

वजन हा या वाघिणीचा जुना आजार. अमेरिकेतल्या मॉडेलकारांच्या राष्ट्रीय संघटनेची एचओसाठी शिफारस अशी: मूळ एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. पाच इंची वाघिणीला म्हणजे साडेतीन औंस, जवळजवळ १०० ग्रॅम. नुसत्या सांगाड्यात एवढं वजन घालायचं कुठे? ओंडके पोखरून आत धातूची सळई बसवता येते, पण ओंडके उतरवले की वाघीण पुन्हा हलकी. म्हणून रिकामी धावणारी वाघीण धातूचीच केलेली बरी. हलकी वाघीण ओढताना निभावते, मागून ढकलताना वळणावर उचलली जाते.

म्हणूनच शेवटची चाचणी ढकलण्याची. दहा वाघिणींची गाडी उलट-सुलट वळणातून सावकाश मागे रेटायची, मधली एक काढायची, पुन्हा जोडायची. छोट्या लाईनवर शंटिंग करणाऱ्यांच्या हाताखालून हेच काम रोज होत असे आणि तिथे चुकीची किंमत माणसाच्या बोटांनी मोजली जाई. मॉडेलमध्ये ती जोखीम नाही, पण शिस्त तीच हवी. मापाचा ठोकळा एकच ठेवला, तर जबलपूरची वाघीण पुण्याच्या गाडीत बिनतक्रार जुळते. रंग आणि गंज ज्याच्या त्याच्या हौसेचे. जोड मात्र सगळ्यांचा मिळून असतो, आणि माझ्या मते या छंदातली सगळ्यांत मोलाची कारागिरी तीच.