तान्हे बाळ आणि बोटीची सहल

“डॉक्टर, बाळाला बोट लागेल का हो?”

दिवाळी नुकतीच संपली होती. संध्याकाळी दवाखान्यातली गर्दी ओसरत आली असताना आमच्या रत्नागिरीतलेच एक जुने, परिचयाचे कुटुंब आत आले. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि सुनेच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेले साडेचार महिन्यांचे बाळ. या मुलाला लहानपणी मीच तपासत असे. आता तो पुण्याला नोकरी करतो. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून त्याने नाताळच्या सुट्टीत मुंबईहून निघणाऱ्या पर्यटन जहाजावर तीन रात्रींची सहल ठरवली होती. पाचही जणांची नावे घालून पैसेही भरून झाले होते. आता फक्त माझा होकार हवा होता.

वाचकहो, पूर्वी असा प्रश्न जिल्ह्याच्या गावात कोणी विचारला नसता. पण 2018 नंतर मुंबईहून गोव्याला आणि पुढे लक्षद्वीपकडेही अशी जहाजे जाऊ लागली आणि मध्यमवर्गीय घरांतही या सहलीची चर्चा होऊ लागली. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे असे वाटले.

बोट लागणे

प्रथम आजींच्या शंकेचे निरसन करतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना बोट किंवा गाडी सहसा लागत नाही. आपल्या कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. ते सांगते की आपण हलत आहोत. डोळ्यांना मात्र खोलीच्या भिंती स्थिर दिसतात. या दोन परस्परविरोधी निरोपांमुळे मेंदूचा गोंधळ होतो आणि मळमळ सुटते. तान्ह्या बाळांना हा त्रास क्वचितच होतो. शाळकरी वयात तो सर्वांत जास्त दिसतो.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. गाडी लागू नये म्हणून आपण सर्रास घेतो त्या काही गोळ्यांमध्ये प्रोमेथाझिन हे औषध असते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ते कधीही देऊ नये. त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो. “पाव गोळी चुरून पाण्यात दिली, निवांत झोपले,” असे कौतुकाने सांगणारे पालक मला भेटले आहेत. ती झोप निवांत नसते.

खरी अडचण वेगळीच आहे. बोट बाळाला लागत नाही, पण आईला लागते. आई दिवसभर उलट्या करीत पडली, पाणी पोटात ठरेना, तर अंगावर पिणाऱ्या बाळाचे काय? म्हणून आईला एस. टी. तरी लागते का, हे आधी पाहावे.

“आम्ही नाही का आलो?”

एवढे ऐकून आजींना धीर आला. त्या म्हणाल्या, “मग काय डॉक्टर! माझी आई तर मला दोन महिन्यांची घेऊन भाऊच्या धक्क्यावरून बोटीने आली होती. मला काही झालं नाही. आणि मोठेपणीही बोट म्हणून कधी लागली नाही.”

आजींचे म्हणणे खोटे नव्हते. माझी आईही मला असेच घेऊन आली होती. त्या काळी कोकणात यायचे तर बोट हाच अनेकांचा मार्ग होता. वळकटी, ट्रंक आणि काखेला पोर घेऊन डेकवर जागा धरायची, आणि बंदर आले की हेलकावणाऱ्या होडीत उतरायचे. पावसाळ्यात तीही सोय बंद. पण तो प्रवास गरजेचा होता, हौसेचा नव्हता. दुसरे असे की जी मुले सुखरूप वाढली तीच आज आजी-आजोबा होऊन ही आठवण सांगतात. 1971 साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळे पहिला वाढदिवस पाहू शकत नव्हती. 2020 साली हा आकडा 28 वर आला. लसी, स्वच्छ पाणी आणि वेळेवर मिळणारे उपचार यांनी हा फरक घडवला. जहाजावर बाळाला नेताना यांपैकी कोणती गोष्ट आपण किनाऱ्यावर ठेवून जात आहोत, एवढाच विचार करायचा असतो.

किनारा किती तास दूर?

बाळाला समुद्राचे भय नाही. भय आहे ते उपचारांपासूनच्या अंतराचे. मोठ्या जहाजावर डॉक्टर असतो, परिचारिका असते, छोटासा दवाखानाही असतो. पण तो मुख्यतः मोठ्या माणसांसाठी सज्ज असतो. तान्ह्या बाळाची केसासारखी शीर शोधून सलाईन लावणे, त्याला श्वासासाठी मदत देणे, यासाठी बालरोगतज्ज्ञ आणि नवजात विभाग लागतो. तो जहाजावर नसतो. म्हणूनच जगातल्या बहुतेक मोठ्या जहाज कंपन्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेतच नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सफरींना वर्षाची अट घालतात. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असू शकतो, म्हणून पैसे भरण्याआधी तो वाचावा.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत काही तासही महत्त्वाचे असतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर तो साधा ताप समजू नये. त्याच दिवशी, लगेच तपासणी हवी. मोठ्या माणसाचे जुलाब दोन दिवस अंगावर काढता येतात. बाळाच्या शरीरातले पाणी एका रात्रीत कमी होते.

माझी चूक

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी एक जोडपे सात महिन्यांचे बाळ घेऊन असेच विचारायला आले होते. बाळ गुटगुटीत, लसी पूर्ण. मी वजन पाहिले, छाती तपासली आणि “खुशाल जा” म्हणालो. बाळ काय पिते, हे मी विचारलेच नाही. ते बाटलीने डब्यातले दूध पीत होते. घरी आजी बाटल्या उकळून देत असे. जहाजाच्या खोलीत उकळायची सोय नव्हती. बेसिनच्या नळाखाली विसळून तीच बाटली वापरली गेली. दुसऱ्या संध्याकाळी बाळाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. जहाजावरच्या डॉक्टरांनी रात्रभर जागून चमच्या-चमच्याने जलसंजीवनी पाजली, आईबापांनाही शिकवले. पण पहाटेपर्यंत बाळ मलूल झाले, टाळू खोल गेली. सकाळी जहाज गोव्याला लागताच त्याला इस्पितळात नेले. दोन दिवस सलाईन लावावे लागले. बाळ बरे झाले. परत आल्यावर बापाने मला दोष दिला नाही, फक्त एवढेच म्हणाला, “डॉक्टर, ती रात्र फार मोठी होती.” तेव्हापासून प्रवासाला निघालेल्या बाळाच्या आईला पहिला प्रश्न मी दुधाचा विचारतो.

निघण्यापूर्वी विचारावेत असे प्रश्न

बाळ अंगावर पिते का? पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध हे घरी जसे उत्तम, तसे प्रवासात तर वरदानच. त्याला ना उकळणे, ना विसळणे. वरचे दूध द्यावेच लागत असेल तर बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले बरे. पण तेही प्रत्येक वेळी उकळून घेता येईल का, हे आधी विचारून घ्यावे.

लसी कुठपर्यंत झाल्या? सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी पूर्ण हव्यात. गोवर-रुबेलाची पहिली लस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते. तोवर बाळाला गोवरापासून पुरेसे संरक्षण नसते, आणि जहाजावर हजारभर अनोळखी माणसे एकाच भोजनगृहात वावरतात. फ्लूची लसही सहा महिन्यांपूर्वी देता येत नाही. परदेशी जायचे असल्यास गोवराची लस लवकर द्यावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. ती दिली तरी नऊ महिन्यांची नेहमीची लस चुकवू नये.

हात कशाने धुणार? गर्दीच्या जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस नावाचा विषाणू असतो. हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाने तो नीट मरत नाही. साबण आणि वाहते पाणी यांना पर्याय नाही. बाळाला घेण्यापूर्वी प्रत्येकाने हात धुवावेत. कौतुकाने गालगुच्चा घेणाऱ्या शेजाऱ्याला नम्रपणे थांबवावे.

बाळ झोपणार कुठे? आईबापांच्या अरुंद पलंगावर मध्ये नको. स्वतंत्र पाळणा मिळतो का ते विचारावे, आणि त्यात बाळाला सपाट गादीवर उताणे झोपवावे. उशी, मऊ खेळणी काही नको.

याशिवाय बाळाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट जहाजावर आहे का, याची चौकशी करावी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाचे मलम लावण्याऐवजी सावलीतच ठेवावे. लंगोट घालणाऱ्या मुलांना अनेक जहाजांवर पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत. तो नियम योग्यच आहे.

आणि धोक्याची लक्षणे आईबापांना पाठ हवीत: बाळ दूध ओढत नाही, लघवी कमी होते, टाळू खोल जाते, श्वास जलद होऊन बरगड्या आत ओढल्या जातात, उलटी हिरवी होते, झटके येतात किंवा बाळ मलूल पडते. यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

कागदावरचे वय

आता आमच्या कुटुंबाकडे वळू. मुलाने कंपनीचा नियम आधीच वाचला होता. निघण्याच्या दिवशी बाळ सहा महिने चार दिवसांचे होणार होते. “म्हणजे नियमात बसतं,” तो म्हणाला.

मी बाळाचा जुना कागद काढला. हे बाळ चौतिसाव्या आठवड्यात, म्हणजे दिवसांच्या सहा आठवडे आधी जन्मले होते. लसी जन्मतारखेनुसारच द्यायच्या असतात. पण वाढीचा हिशेब करताना ते सहा आठवडे वजा करतात. म्हणजे कागदावर सहा महिने पूर्ण झालेले हे बाळ वाढीच्या हिशेबाने पावणेपाच महिन्यांचे. शिवाय अशा बाळांची फुप्फुसे नाजूक असतात; साध्या सर्दीचे रूपांतर धापेत व्हायला वेळ लागत नाही. आणि जहाजावर चढण्याआधी मुंबईपर्यंतचा दिवसभराचा प्रवास होताच.

सून इतका वेळ गप्प होती. मी तिला विचारले, “तुला काय वाटतं?” ती सासूकडे पाहून हळूच म्हणाली, “आईंचा हिरमोड होईल म्हणून बोलले नाही. पण मला तिथे रात्री झोप लागणार नाही.”

आजी लगेच म्हणाल्या, “अगं, मग आधी सांगायचंस की!”

मी सल्ला दिला: आजी-आजोबांनी जावे, बाळाने यंदा किनाऱ्यावरच राहावे. वर्षाचे होऊ द्या, गोवराची लस होऊ द्या, मग पाहू. तिकिटांचे थोडे पैसे कापले गेले. आजोबा म्हणाले, “जाऊ देत.”

परवा सगळे पुन्हा भेटले. मुलगा हसत म्हणाला, “डॉक्टर, त्या तीन दिवसांत बाळाला साधी शिंकही आली नाही. नेलं असतं तरी चाललं असतं.”

मीही हसलो. त्याचे म्हणणे बहुधा खरे होते. नेलेली बहुतेक बाळे सुखरूप परत येतात. पण सावधगिरीचे असेच असते. टळलेले संकट कधी दिसत नाही, कापलेले पैसे तेवढे दिसतात. त्या तीन संध्याकाळी बाळ आईच्या कुशीत मांडवीच्या जेटीवर वारा खात बसले होते, आणि माझा दवाखाना तिथून दहा मिनिटांवर होता. माझ्या मते एवढे पुरेसे आहे.

आजी मात्र जरा ओशाळल्या होत्या. मी कारण विचारले तेव्हा आजोबांनीच सांगून टाकले, “पहिल्या रात्री हिलाच बोट लागली!”