हिंवाळ्यांतील पाणी आणि मोठ्या इमारती

महाराष्ट्रांतील व्यापाऱ्याला पाण्याचें भय वाटतें तें मृगाच्या सुमारास. ज्येष्ठ लागला कीं गच्चीच्या भेगा बुजविण्याची घाई सुरू होते, पन्हळींतील पाचोळा काढला जातो आणि गोदामांतील पोतीं जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर चढतात. संकट आकाशांतून येणार, आणि तें केव्हां येणार हें पंचांगांतच लिहिलेलें असतें. थंड देशांतील दुकानें, कचेऱ्या व वखारी यांची गोष्ट निराळी आहे. तेथें पाण्याचा मोठा घात होतो तो आभाळ निरभ्र असतांना, भिंतीच्या आंतल्या आंत, आणि पुष्कळदां इमारतींत एकही माणूस नसतांना.

२०२१ सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या टेक्सस राज्यांत हें फार कठोरपणें दिसून आलें. टेक्सस हा मूळचा उष्ण प्रदेश. तेथील पुष्कळसें बांधकाम उन्हाचा विचार करून झालेलें, आणि पाण्याचे नळ खुशाल बाहेरच्या भिंतींतून व छपराखालच्या पोकळींतून नेलेले. १६ फेब्रुवारीस डल्लस येथें उष्णतामान शून्याखालीं जवळजवळ १९ अंश सेल्सियसपर्यंत उतरलें. त्याच सुमारास वीजपुरवठा कोसळला व ४० लाखांहून अधिक घरें आणि दुकानें अंधारांत पडलीं. १५ तारखेचा सोमवार सरकारी सुटीचा असल्यामुळें अनेक कचेऱ्यांना आधींच कुलुपें होतीं. सरकारी मोजणीप्रमाणें या थंडींत २४६ माणसें दगावलीं. त्यापुढें भिजलेल्या मेजा-खुर्च्यांचें दुःख कोणीं करूं नये, हें खरें. परंतु इस्पितळ ही सुद्धां एक इमारतच असते. ऑस्टिन शहरांतील एका इस्पितळांत पाण्याचा दाब नाहींसा झाला, ऊब राहिली नाहीं, आणि कांहीं रोग्यांना दुसरीकडे हलवावें लागलें. डल्लस व ह्यूस्टन या शहरांत मराठी कुटुंबें पुष्कळ आहेत. त्यांनाही हे दिवस दीर्घकाळ आठवतील.

नवल असें कीं नळ फुटल्याचें थंडींत कळत नाहीं. थंडी ओसरल्यावर कळतें. बहुतेक पदार्थ गोठतांना आकसतात. पाणी मात्र ४ अंशांपर्यंत आकसतें आणि त्याखालीं उलट फुगूं लागतें. बर्फ झाल्यावर त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें. बर्फांत पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीसारखे बांधले जातात व त्या जाळींत पोकळी अधिक राहते, हें त्याचें कारण. इतकें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें, आणि त्यावरून बर्फानें आंतून रेटा देऊन नळ फोडला अशी समजूत सर्वत्र रूढ झाली आहे. ती अपुरी आहे. इलिनॉय विद्यापीठांत १९९० नंतरच्या दशकांत झालेल्या प्रयोगांवरून असें दिसलें कीं नळ बहुधा बर्फाच्या जागीं फुटत नाहीं. बर्फाचा बोळा नळांत बसला म्हणजे तो वाढतां वाढतां पुढील पाण्यास बंद तोटीकडे ढकलतो. पाणी दबून लहान होणारें नव्हे. त्या कोंडींत दाब चढत जातो आणि नळी एखाद्या दुबळ्या जागीं उकलते. चीर पडली तरी मागचा मार्ग बर्फानें बंद असल्यामुळें पाण्याचा लोट येत नाहीं. बोळा वितळला कीं मग तो येतो.

रात्रीं तोटी किंचित् ठिबकत ठेवावी, या जुन्या सल्ल्याचें मर्म यांतच आहे. ठिबकणाऱ्या तोटीमुळें कोंडलेल्या दाबाला वाट मिळते. वाहतें पाणी गोठत नाहीं हें कारण त्या मानानें दुय्यम. त्याच प्रयोगांत असेंही आढळलें कीं उघड्या नळांना खरा धोका बाहेरचें उष्णतामान शून्याखालीं सुमारें ७ अंशांवर गेलें म्हणजे सुरू होतो.

नळांभोंवतीं गुंडाळलेल्या आवरणाविषयीं असाच एक भ्रम असतो. आवरण स्वतः ऊब निर्माण करीत नाहीं. असलेली ऊब निसटण्यास तें विलंब लावतें, इतकेंच. पाणी चार दिवस हललें नाहीं आणि खोलींत शेगडी नसली, तर जाड आवरणांतील नळही अखेर गोठतो. विजेच्या तापणाऱ्या पट्ट्या नळांना बांधतात, पण वीज गेली कीं त्या निव्वळ शोभेच्या. म्हणून रिकाम्या इमारतींतही उष्णतामान १३ अंशांच्या खालीं जाऊं देऊं नये असा सर्वसाधारण संकेत आहे. तें परवडत नसेल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सर्व पाणी काढून टाकावें. बागेचे नळ तर हिंवाळ्यापूर्वीं दाबाच्या हवेनें फुंकून कोरडेच करतात.

व्यापारी इमारतींत सर्वांत अवघड प्रश्न आग विझविणाऱ्या फवाऱ्यांचा. छतांतील त्या नळांत पाणी सदैव भरलेलें असावें लागतें, आणि तें कधीं वाहत नाहीं. अमेरिकेंतील नियमाप्रमाणें असे नळ ४ अंशांहून थोड्या अधिक उष्णतामानांतच ठेवावे लागतात. जेथें तें शक्य नाहीं, उदाहरणार्थ उघड्या वाहनतळांत, तेथें नळांत दाबाची हवा भरतात व पाणी उबदार खोलींतील व्हॉल्व्हामागें थोपवून धरतात. आग लागून फवारा उघडला कीं हवा निघून जाते आणि पाणी धांवतें. मात्र या कोरड्या म्हणविणाऱ्या नळांतही दमट हवेचें पाणी साचतें व सखल जागीं उतरून बसतें. तें हिंवाळ्यापूर्वीं न काढल्यास तेथेंच बर्फ होतो. फवाऱ्यांचा व्हॉल्व्ह कोणीं घाबरून बंद केला, तर इमारत आगीपुढें उघडी पडते. म्हणून अग्निशामक दलास कळवून पहारा बसविल्याशिवाय तो बंद करीत नाहींत.

छपराचें काम मुंबईकरास ओळखीचें वाटेल. सपाट गच्चीवरील मोऱ्या पानगळ संपतांच साफ करावयाच्या. वितळलेलें पाणी अडलें तर एका सेंटिमीटर खोलीचें पाणीही दर चौरस मीटरवर १० किलोंचा भार टाकतें. उतरत्या छपरावर आंतील ऊब निसटून वरचें हिम वितळतें, तें पाणी थंड वळचणीला पुन्हां गोठतें, आणि त्या बर्फाच्या बांधामागें तुंबलेलें पाणी कौलांखालून आंत शिरतें.

एवढें करूनही पाणी आलेंच तर घड्याळाकडे पाहावें लागतें. ओल २४ ते ४८ तासांत न सुकल्यास बुरशी धरूं लागते. आंतल्या भिंतींचे जिप्समचे तक्ते तर दिव्याच्या वातीप्रमाणें पाणी वर शोषून घेतात. जमिनीवर पाणी चार बोटेंच दिसत असलें तरी भिंत त्याहून पुष्कळ वरपर्यंत ओली असते. म्हणून पाणी उपसल्यावर तक्त्यांचा खालचा भाग कापून काढतात, मागें मोठे पंखे लावतात, आणि आंतील लाकूड कोरडें झाल्याचें यंत्रानें मोजून पाहिल्यावरच नवा तक्ता बसवितात.