फोन वाजलाच नाही, आणि तोड पुढे गेली



गेल्या हंगामातली, माघ महिन्यातली गोष्ट. गट ऑफिसाच्या पडवीत सकाळी सकाळी मोठा आवाज झाला म्हणून आम्ही बाहेर येऊन पाहतो, तो एक जुने सभासद आणि आपला चिटबॉय समोरासमोर उभे. सभासदांचे म्हणणे एकच : "पाळी माझी आन् टोळी शेजारच्याच्या फडात. मला कुणी कळवलंच न्हाई." चिटबॉय बिचारा हातातला मोबाईल पुढे करीत होता. आदल्या संध्याकाळी सहा, साडेसहा आणि सात वाजता तीन फोन लावल्याची नोंद त्यात होती. सभासदांनीही आपला फोन काढला. त्यातही तेच तीन फोन, लाल खुणेचे. म्हणजे फोन आले होते, पण वाजले नव्हते.

आडसाली ऊस, सोळा महिन्यांचा होत आलेला. तोड आता येणार म्हणून पाणी तोडलेले. टोळी रिकामी बसवता येत नाही, तेव्हा मुकादमाने शेजारचा फड धरला. पुन्हा पाळी यायला अठरा दिवस गेले. वाळलेल्या रानात उभ्या उसाचे वजन त्या उन्हात किती घटते ते सभासदांना आम्ही सांगायला नको. खोडव्याला उशीर झाला तो वेगळाच.

आमच्या मते चिटबॉयचेही चुकले. तीन वेळा फोन उचलला गेला नाही, तर गाडीला किक मारून मळ्यावर जायला हवे होते. पूर्वी चिठ्ठी हातात पडल्याशिवाय निरोप पोचला असे कोणी धरत नव्हते. पण भांडण मिटवून पाळी परत येणार नव्हती, म्हणून आम्ही तो फोनच तपासायला घेतला. नवा कोरा, दिवाळीत मुलाने घेऊन दिलेला.

पहिली शंका साधीच. आवाज कमी झाला असेल. बाजूचे बटण खिशात दाबले जाते आणि फोन मुका होतो, हे रोजचेच आहे. यात आणखी एक गोम अशी, की फोनात आवाज एक नसून चार-पाच असतात. गाण्याचा वेगळा, गजराचा वेगळा, रिंगचा वेगळा, बोलण्याचा वेगळा. गाणे मोठ्याने लागते म्हणून रिंगही मोठी असेल, असे समजू नये. सेटिंगमध्ये जाऊन रिंगची पट्टी पाहिली, ती पूर्ण होती. आम्ही समोरून फोन लावला, तो खणखणीत वाजला.

दुसरी शंका 'डू नॉट डिस्टर्ब'ची. मराठीत सांगायचे तर 'त्रास देऊ नका'. ही सोय चालू असली की फोन येतो, नोंद राहते, पण घंटा वाजत नाही. पडद्याच्या वरच्या कडेला चंद्रकोरीची किंवा आडव्या रेघेच्या गोलाची खूण दिसते. कित्येक फोनांत तिची वेळ लावून ठेवता येते, म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा, अशी. पोरे खेळता खेळता ती संध्याकाळपासूनची करून ठेवतात. आम्ही पाहिले, तर खूण नव्हती आणि वेळही लावलेली नव्हती. पुन्हा फोन लावला, पुन्हा वाजला. सभासद म्हणाले, "तुमच्या हातात वाजतोय, माझ्या घरात न्हाई वाजत. ह्याला काय करावं?"

हे बोलणे आम्ही हसण्यावारी नेले, आणि नेमके तिथेच चुकलो. चहा आला. सभासदांनी फोन टेबलावर ठेवला, तो पालथा. नवी काच, तिच्यावर धूळ बसू नये म्हणून त्यांची ती सवयच. ठेवताच फोन एकदा थरथरला. चिटबॉयचे लक्ष गेले. त्याने तिथूनच नंबर फिरवला. टेबलावर काही हालचाल नाही, आवाज नाही. फोन उलटा करून पाहिला, तर एक मिस कॉल.

काही कंपन्यांच्या फोनात अशी सोय असते, की फोन पालथा ठेवला की 'त्रास देऊ नका' आपोआप चालू आणि उचलून उताणा केला की बंद. ऑफिसात बैठका घेणाऱ्यांसाठी ती केलेली. आमचे सभासद रोज संध्याकाळी फोन कोनाड्यात पालथा ठेवून गोठ्यात धारा काढायला जात. दोष पाहायला फोन हातात घ्यावा, तर घेताक्षणी दोष नाहीसा. असा चोर कसा सापडावा! सेटिंगमध्ये हावभावांची म्हणून एक यादी असते, तिच्यात ती सोय होती. बंद केली.

ती बंद करायची नसेल, तरी एक उपाय आहे. चिटबॉय, मुकादम, घरची माणसे यांचे नंबर नावाने साठवून त्यांना तारा द्यावा आणि 'त्रास देऊ नका'मध्ये तारा दिलेल्यांना मोकळीक द्यावी. तिथेच दुसरी सोय असते. त्याच माणसाने पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला, तर घंटा वाजते. आपल्या चिटबॉयने दर अर्ध्या तासाने फोन केले, त्यामुळे ती सोय चालू असती तरी उपयोग झाला नसता. तेव्हा निकडीचा फोन असेल तर लागोपाठ दोनदा करावा, हे आम्ही सगळ्या चिटबॉयना सांगितले आहे.

मिस कॉल हा आपल्याकडे एके काळी कामाचा होता. येणाऱ्या फोनालाही पैसे पडत, ते २००३ च्या मे महिन्यापासून थांबले. पण बाहेर करायच्या फोनाचा खर्च होताच. म्हणून एक रिंग म्हणजे लाईट आली, दोन म्हणजे गाडी काट्यावर पोचली, असे आपले ठरलेले असे. विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारे स्टार्टरही आले. तो मिस कॉल आपण जाणून देत होतो. आताचा न कळत पडतो.

नोंदच राहत नाही आणि समोरच्याला "फोन बंद आहे" असे ऐकू येते, तो प्रकार वेगळा. दोन सिमच्या बहुतेक फोनांत एका सिमवर बोलणे चालू असले, की तेवढा वेळ दुसरे सिम लागत नाही. ऊस नोंदीला दिलेला नंबर ज्या सिमचा, त्यावर लांबलचक गप्पा नकोत, दुसऱ्यावर तर त्याहून नकोत. रिचार्जची मुदत संपून काही दिवस गेले, की येणारे फोनही बंद पडतात. कुणी नंबर ब्लॉक केला असेल, किंवा अनोळखी नंबर गप्प करणारी सोय लावली असेल, तर टोळीच्या नव्या मुकादमाचा फोन तुम्हाला कळणारच नाही. हंगामात ती सोय काढून ठेवावी.

एक धोक्याची गोष्ट मात्र सावकाश वाचावी. कुणी फोन करून सांगतो, "तुमचे पार्सल आले आहे, *४०१* किंवा *२१* दाबून पुढे हा नंबर दाबा." तसे केले, की तुमचे येणारे फोन त्या माणसाकडे वळतात. बँकेचा फोनसुद्धा त्यालाच जातो. सरकारने मार्च २०२४ मध्ये असे आकडे दाबून फोन वळवण्याची सोय थांबवण्याचा आदेश कंपन्यांना दिला, तरी आपण गाफील राहू नये. शंका आली तर ##००२# दाबून फोन लावावा, वळवलेले सगळे फोन रद्द होतात. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच कळवावे.

आता हात न लावता बोलण्याबद्दल. तक्रार बहुधा अशी असते : "फोन उचलला, समोरचा हॅलो हॅलो करतोय, पण मला काही ऐकू येत नाही." अशा वेळी आधी ब्लूटूथ पाहावे. नातवाने कानातली बोंडे एकदा जोडली, की फोन त्यांना ओळखून ठेवतो. नातू माजघरात गाणी ऐकत असतो आणि तुम्ही ओसरीवर फोन उचलता. आवाज जातो नातवाच्या कानात. बोलणे चालू असताना पडद्यावर आवाज कुठे पाठवायचा ते विचारणारे बटण असते. फोन, स्पीकर की ब्लूटूथ, ते तिथे निवडावे. ट्रॅक्टरला लावलेल्या टेपाचेही असेच होते.

समोरच्याला तुमचा आवाज जात नसेल, तर फोनच्या खालच्या कडेचे बारीक भोक पाहावे. माईक तिथे असतो. त्यात धूळ आणि पाचटाचा भुसा बसतो, नाहीतर जाड कव्हर त्यावर येते. मऊ कोरड्या ब्रशने झाडावे, सुई घालू नये. बोलता बोलता गालाने बटणे दाबली जात असतील, तर वरून लावलेली काच एकदा काढून पाहावी. फोन कानाशी आला हे ओळखणारा डोळा पडद्याच्या वर असतो, चुकीची काच त्याला झाकते.

वाहन चालवताना फोन हातात धरून बोलणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात धोकादायक चालवणे धरले जाते. पहिल्याच वेळी एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. कानात वायर घातली म्हणजे झाले, असे ट्रॅक्टरवाले म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, रात्रीची वेळ, समोरून एस.टी., आणि हा कानात मुकादमाशी हिशेब करतोय. गाडी कडेला घ्यावी आणि मग बोलावे.

ज्यांनी नवा फोन घेताना नंबरही बदलला आहे, त्यांनी तो ऊस नोंदीवर बदलून घ्यावा. आपल्या याच सभासदांच्या शेजाऱ्यांचा नंबर नोंदीवर अजून जुनाच आहे, आणि त्यांची तोड पुढच्या पंधरवड्यात आहे.