वाढीव वॉरंटी : एक हिशेब

दसऱ्या-दिवाळीच्या खरेदीत फ्रिजचा भाव ठरतो, घासाघीस होऊन पाचशे रुपये उतरतातही, आणि बिल करताना विक्रेता सहज विचारतो, “काकू, आणखी दोन वर्षांची वॉरंटी घालून देऊ ना?” दिवसभर गल्ल्यावर पै-पैचा हिशेब ठेवणारी आपली माणसे या प्रश्नाला मात्र पटकन मान डोलावतात. वास्तविक दुकानदाराला अशा योजनेवर बहुधा घसघशीत मोबदला मिळतो, हे व्यापारी घराला सांगायला नको.

उदाहरणादाखल योजनेची किंमत 3,000 रुपये धरू. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,540 रुपये. मोठी दुरुस्ती 6,000 रुपयांची मानली, तर अशा 100 यंत्रांपैकी निदान 59 यंत्रे त्या दोन वर्षांत बिघडली तरच ग्राहकांचा पैसा वसूल होतो. इतकी यंत्रे बिघडणार असतील, तर तो फ्रिजच घेऊ नये! शिवाय पैसे आज द्यायचे आणि संरक्षण कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू व्हायचे. फ्रिजच्या काँप्रेसरवर तर अनेक कंपन्या मुळातच 10 वर्षांची वॉरंटी देतात. मात्र ती बहुतेक वेळा त्या भागापुरतीच असते, गॅस आणि मजुरी वेगळी.

खरी मेख बारीक अक्षरांत असते. विजेच्या दाबातील चढ-उतार, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, पाणी शिरणे, प्लास्टिकचे भाग हे सारे पुष्कळदा वगळलेले असते. करार नेमका कोणाशी, कंपनीशी, दुकानाशी की तिसऱ्याच संस्थेशी, हेही पाहावे. दुकानातल्या डीप फ्रीजरसाठी योजना घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : यंत्र दुरुस्त करून मिळेल, पण तोवर नासलेला माल आणि बुडालेला धंदा सहसा कोणी भरून देत नाही.

मग ही योजना कधीच घेऊ नये काय? मोठ्या पडद्याच्या टीव्हीसाठी माझे मत निराळे आहे. त्याचे पॅनेल गेले, तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास जातो. तेथे माफक दरात, पॅनेलचा स्पष्ट उल्लेख असलेली योजना मिळाल्यास अवश्य विचार करावा. बिल व करारपत्र मात्र जपून ठेवावे. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

आमच्या घरी पाच वर्षांपूर्वी सासूबाईंनी वहीत ‘दुरुस्ती’ नावाचे पान उघडले. ज्या योजनेला नकार दिला, तिची रक्कम त्या पानावर जमा करायची, हा त्यांचा नियम. आजवर 11,800 रुपये जमा झाले; वॉशिंग मशीनचा पंप आणि मिक्सरची मोटर मिळून 4,100 रुपये गेले. बाकी 7,700. टीव्हीची योजना मात्र आम्ही घेतली होती. ती येत्या फेब्रुवारीत संपते. अद्याप एकदाही उपयोगी पडलेली नाही.